अठरा पूर्ण झाली, म्हणून घरी बसवायचे?

आमच्या एका शाखेतील फिटर बांधवाच्या दारात बारा वर्षे रोज सकाळी साडेसातला शाळेची गाडी येत असे. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये ती आली नाही. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली होती. विशेष शाळेने एप्रिलमध्येच श्रीफळ, गुलाबाचे फूल आणि शाळा सोडल्याचा दाखला देऊन त्याला निरोप दिला होता. आईवडिलांना ते समजले होते, मुलाला समजले नव्हते. गणवेश घालून, डबा मांडीवर घेऊन तो अकरा दिवस उंबऱ्यात बसला. बाराव्या दिवशी त्याने डबा भिरकावून दिला. त्यानंतर रात्रीची झोप नाही, दिवसभर चिडचिड, आईच्या अंगावर धावून जाणे. बाप नोकरीची दोन वर्षे उरलेला माणूस. ड्युटी संपवून तो युनियनच्या ऑफिसात आला, समोर ठेवलेला चहा त्याने घेतला नाही, आणि म्हणाला, "भाऊ, क्वार्टरचं, प्रमोशनचं काही नाही. माझ्यानंतर याचं काय, एवढंच सांगा."

आम्हाला सांगता आले नाही. तीस वर्षांच्या युनियनच्या कामात बदली, चार्जशीट, ओव्हरटाइम, पासेस अशा कोणत्याही प्रश्नावर आमच्या टेबलाच्या खणात एखादे तरी सर्क्युलर सापडते. या प्रश्नावर खण रिकामा निघाला. म्हणून या अंकाचा अग्रलेख आम्ही या विषयावर लिहीत आहोत. महागाई भत्ता आणि पेन्शन यांवर लिहायला पुढचे अंक आहेतच.

हे दुःख एका घराचे नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी कामाला असलेले अवघे ३६ टक्के. पुरुषांत ४७ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के. २०१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीने हीच चौकशी पुन्हा केली, तेव्हा पंधरा वर्षांवरील अपंगांपैकी काम करणारे किंवा काम शोधणारे मिळून २३.८ टक्के निघाले. म्हणजे चारांतल्या तिघांनी काम शोधणेही सोडून दिले होते, किंवा त्यांना कोणी कधी शोधू दिलेच नव्हते. पूर्वी आपण अपंग म्हणत होतो, आता सरकारी कागदावर दिव्यांग म्हणतात. मतिमंद हा शब्दही गेला आणि बौद्धिक अक्षमता हा आला. शब्द सुधारले याचा आम्हाला आनंदच आहे. रांग मात्र जुनीच आहे.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने सात प्रकारच्या अपंगत्वांऐवजी एकवीस मान्य केले आणि राखीव जागा ४ टक्के केल्या. एक टक्का अंध व अल्पदृष्टी, एक टक्का बहिरे व कमी ऐकू येणारे, एक टक्का हातापायांचे अपंगत्व, आणि चौथा टक्का स्वमग्न, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, शिकण्याची विशिष्ट अडचण व एकाहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी. या चौथ्या टक्क्यात आमच्या फिटर बांधवाचा मुलगा येतो. कागदावर येतो, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

कारण त्या टक्क्यापर्यंत पोचायचे कसे? रेल्वेच्या लेव्हल वनच्या भरतीचेच पाहा. हमालासारखे वजन उचलून पळण्याच्या शारीरिक चाचणीतून अपंग उमेदवाराला सूट आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याआधी संगणकावर शंभर प्रश्नांची परीक्षा आहे. गणिताचे पंचवीस, सामान्य विज्ञानाचे पंचवीस, बुद्धिमत्तेचे तीस, सामान्य ज्ञानाचे वीस. ज्याचे अपंगत्वच बुद्धीचे आहे त्याची निवड बुद्धिमत्तेच्या तीस प्रश्नांनी करायची! पायाने अधू असलेल्याला आधी शर्यत पळून दाखव म्हणावे, तसेच हे. मग कोणी पात्र मिळत नाही. जागा पुढल्या वर्षी नेली जाते, तिथेही कोणी मिळत नाही, आणि कायद्यातच अशी वाट आहे की दुसऱ्या वर्षानंतर ती जागा अपंगत्वाच्या दुसऱ्या गटाला देता येते. ज्यांना ती मिळते त्यांचाही हक्क आहे, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण चौथ्या टक्क्यातला मुलगा उंबऱ्यात बसला तो बसलाच.

आता आम्ही आमच्या वाचकांना एक आठवण करून देणार आहोत. काम न जमणाऱ्या माणसाला काम कसे जमवून द्यायचे, हे रेल्वे कामगाराला कोणी शिकवायला नको. ते आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. लोको पायलटची नजर ए-वन वर्गात बसेनाशी झाली, ट्रॅकमनचा पाय गाडीखाली गेला, वर्कशॉपात खलाशाची बोटे तुटली, की माणूस मेडिकल डी-कॅटेगराइज होतो. आम्ही नोकरीला लागलो त्या काळात पर्यायी जागा नाही म्हणून घरी गेलेली माणसे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ ने ते बंद केले. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढायचे नाही, त्याचा हुद्दा उतरवायचा नाही, त्याच पगारात दुसऱ्या कामावर ठेवायचे, जागा नसेल तर जादा जागा निर्माण करायची. २००३ साली कुणाल सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितले. ते शिपाई होते आणि त्यांचा डावा पाय कापावा लागला होता. २०१६ च्या कायद्यात हेच कलम २० मध्ये आले आहे.

पण कायदा झाल्यावरही माणूस कोणत्या खुर्चीवर बसेल हे कोण ठरवते? स्क्रीनिंग कमिटी ठरवते हे खरे, पण तिच्यापुढे माणसाची बाजू आपणच मांडतो. या डेपोत बसून करायचे काम आहे, त्या स्टोअर्समध्ये एका हाताने करता येईल असे काम आहे, अमुक सुपरवायझर माणूसकीचा आहे, तमुक ठिकाणी जिना चढावा लागतो म्हणून नको, हे सगळे आपल्या शाखा सचिवांना तोंडपाठ असते. एक पाय गमावलेला गँगमन टूल रूममध्ये बसून बावीस वर्षे हत्यारांचा हिशेब ठेवतो आणि एक पाना इकडचा तिकडे होऊ देत नाही, असे उदाहरण प्रत्येक डिव्हिजनमध्ये आहे. त्याला कोणी बिचारा म्हणत नाही. तो आपला माणूस आहे, त्याला काम येते, बस.

मग जन्मापासून जो अपंग आहे, त्याच्या बाबतीत आपले हे ज्ञान कुठे जाते? आमचे मत स्पष्ट आहे. अपघात झालेला कामगार आपल्याला आपला वाटतो, आणि अपंग जन्मलेला मुलगा समाजकल्याण खात्याचा वाटतो. त्याचे वडील आपले सभासद, त्याची आजी आपल्या कॉलनीत, त्याच्या बारशाचे पेढे आपण खाल्लेले. तरी तो आपल्या खात्यात बसत नाही. हा हिशेब चुकीचा आहे.

त्या फिटर बांधवाशी बोलताना आणखी एक गाठ लक्षात आली. आम्ही म्हणालो, मुलाला कुठेतरी कामाला लावू. तो दचकला. म्हणाला, "भाऊ, काम नको. पगार मिळाला तर पेन्शन जाईल." त्याला कोणीतरी सांगितले होते आणि त्या सांगण्यात तथ्य होते. रेल्वे कर्मचारी गेल्यावर, पतिपत्नी दोघांच्या मागे, उपजीविका मिळवू न शकणाऱ्या अपंग मुलाला आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळते. पूर्वी त्याची अट अशी होती की मुलाचे उत्पन्न महिना ९,००० रुपये आणि त्यावरील महागाई मदत यांपलीकडे जाता कामा नये. त्यामुळे कितीतरी आईबापांनी मुलाला मुद्दाम काही शिकवलेच नाही. हाताला काम दिले तर तोंडचा घास जाईल, ही भीती. ज्या बापाला आपण अडाणी म्हणतो तो खरे तर सर्क्युलर वाचूनच मुलाला घरी बसवत होता.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने ही अट बदलली. आता मुलाचे इतर उत्पन्न, दिवंगत कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक त्यावरील महागाई मदत, म्हणजेच सर्वसाधारण दराची फॅमिली पेन्शन जेवढी होईल, त्याहून कमी असेल तर पेन्शन चालू राहते. शेवटचा पगार ६०,००० धरा. ३० टक्के म्हणजे १८,००० आणि वर महागाई मदत. एवढी कमाई बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून मिळेल अशी नोकरी आम्हाला कुणी दाखवून द्यावी, आम्ही त्याचा सत्कार करू! तेव्हा बहुतेक घरांत काम आणि पेन्शन दोन्ही होऊ शकतात. ही गोष्ट चार वर्षांहून जुनी आहे आणि आमच्या फिटर बांधवाला ठाऊक नव्हती. लाज त्याची नाही, आमची आहे. नोटीस बोर्डावर आम्ही सभेच्या तारखा लावतो, हे लावले नाही. सोबत हेही लावायला हवे होते की सेवापुस्तकात व पेन्शनच्या कागदांत मुलाचे नाव अपंग म्हणून आत्ताच, नोकरीत असतानाच नोंदवा आणि दाखला जोडा. माणूस गेल्यावर विधवा आई मुलाचा हात धरून ऑफिसच्या खेपा घालते तेव्हा काय हाल होतात, ते वेल्फेअर इन्स्पेक्टरांना विचारा.

आता नोकऱ्यांकडे वळू. ज्या कामांत ही मुले उत्तम बसू शकतात ती कामे कोणती? चादरी-टॉवेल मोजून घडी घालणे, सामान निवडून वेगवेगळ्या खणांत लावणे, स्टोअर्समध्ये नटबोल्ट-वायसर मोजून पुड्या बांधणे, फायली क्रमाने लावणे, कँटीनमध्ये भाजी निवडणे, झाडांची निगा. रोज तेच, त्याच क्रमाने. तुम्हाआम्हाला ज्याचा आठवड्यात कंटाळा येईल तेच काम यांतील अनेक मुले मन लावून करतात. अशी बरीच कामे एके काळी चतुर्थ श्रेणीची, कायम नोकरीची होती. ती एकेक करून ठेक्याने दिली गेली. आणि ४ टक्क्यांची सक्ती सरकारी आस्थापनेला आहे, ठेकेदाराला नाही. खासगी मालकाबद्दल कायदा एवढेच म्हणतो की त्याच्याकडे ५ टक्के तरी अपंग कामगार असावेत म्हणून सरकारने त्याला उत्तेजन द्यावे. म्हणजे राखीव जागांचे पान कायद्यात राहिले आणि जागा मात्र ठेकेदाराच्या खिशात गेल्या. ठेकेदारीविरुद्धची आपली लढाई याही मुलांची लढाई आहे, हे आपण आजवर एकाही फलकावर लिहिलेले नाही.

या मुलांना शाळेत शिकवतात काय, तेही पाहून आलो. मेणबत्त्या, पणत्या, कागदी पाकिटे, खडू. शिक्षिका जीव ओतून काम करतात, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण खडू कोणत्या बाजारात विकायचा? एके काळी अंधांना टेलिफोन ऑपरेटरचे शिक्षण देत आणि त्या नोकऱ्या खरोखर होत्या. एक्स्चेंज स्वयंचलित झाले आणि त्या गेल्या. स्टेशनवर पीसीओचे बूथ अपंगांना मिळत. हातोहाती मोबाईल आला आणि बूथ रिकामे झाले. जग बदलले की सगळ्यात आधी याच माणसाचे काम जाते आणि त्याला नवे शिकवायला सगळ्यात शेवटी कोणी येते. दर दिवाळीला आम्हीही त्या पणत्यांचा खोका घेतो आणि काहीतरी केल्याच्या समाधानात वर्षभर निवांत असतो.

परदेशात हे काम कसे करतात याची माहिती काढली. अमेरिकेत १९९० पासून कायदाच आहे की अपंग विद्यार्थ्याच्या शाळेनंतरच्या आयुष्याची आखणी शाळेत असतानाच, सोळाव्या वर्षापर्यंत सुरू झाली पाहिजे. तिथे सिनसिनाटी शहरातल्या मुलांच्या इस्पितळात १९९६ साली एक प्रयोग सुरू झाला. शाळेचे शेवटचे वर्ष वर्गात न घालवता मुले इस्पितळातच येतात, वेगवेगळ्या विभागांत खरे काम शिकतात. तो पुढे अनेक देशांत गेला. अमेरिकेतले सगळेच आपल्याला लागू पडते असे आम्ही कधी म्हटले नाही, पण यातले मर्म साधे आहे. आधी शिकव आणि मग नोकरी शोध, हा क्रम या मुलांना लागू पडत नाही. वर्गात शिकलेले कामाच्या जागी नेणे हेच त्यांना अवघड जाते. त्यांना कामाच्या जागीच शिकवावे लागते. आणि शिकवणारा माणूस बाजूला उभा लागतो, जो आधी ते काम स्वतः करून पाहतो, त्याचे बारीक तुकडे पाडतो, आठवडे-महिने मुलाबरोबर राहतो आणि मग हळूहळू मागे सरतो. इंग्रजीत त्याला जॉब कोच म्हणतात. आपल्या वर्कशॉपात नव्या खलाशाला हाताखाली घेऊन घडवणारा जुना मिस्त्री याहून वेगळे काय करत होता?

हे सगळे बोलून झाल्यावर प्रश्न उरला की सुरुवात कुठे करायची. प्रशासनाकडे मागणी करायची ती करूच. पण एका जुन्या सहकाऱ्याने सभेत उभे राहून विचारले, "आपल्या स्वतःच्या हातात किती नोकऱ्या आहेत?" सभेत शांतता पसरली. मोजल्या तर बऱ्याच निघाल्या. पतपेढी आहे, ग्राहक भांडार आहे, काही ठिकाणी कँटीन आहे, इन्स्टिट्यूट आहे, युनियनची ऑफिसे आहेत. या सर्व ठिकाणी मिळून अपंग कर्मचारी किती? आमच्या विभागात उत्तर एक आले, आणि तोही पोलिओने पाय अधू झालेला पदवीधर हिशेबनीस. दुसऱ्याला ४ टक्के मागणाऱ्यांच्या घरची ही परिस्थिती.

तेव्हा त्या फिटर बांधवाच्या मुलाला कामगारांच्याच ग्राहक भांडारात घ्यायचे ठरले. संचालकांच्या बैठकीत दोन तास खडाजंगी झाली. एक जण म्हणाले, गिऱ्हाइके घाबरतील. दुसरे म्हणाले, अर्धे काम करणार, तर अर्धा पगार द्या. इथे आम्हाला बोलावे लागले. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात कलम २६ असे होते की सरकारने ठरवले तर अपंग कामगारांना किमान वेतनातून वगळता येत असे. अपंगाची भाकरी लहान असते, असे ज्यांना वाटत होते त्यांनी ते लिहिले असेल. युनियनचा माणूस तसे म्हणू शकत नाही. शेवटी ठरले की रोज चार तास काम, आणि त्या चार तासांना मदतनिसाला जो तासाचा दर पडतो तोच. एका संचालकाने विरोध नोंदवला. तो इतिवृत्तात आहे.

पहिला महिना कठीण गेला, ते लपवण्यात अर्थ नाही. काम दिले साखर एक-एक किलो भरून पिशवी बंद करण्याचे. काट्यावरचे आकडे त्याला वाचता येत नव्हते. भांडारातला काटा डिजिटल, आकडा सारखा नाचणारा. तो बघून मुलगा कानावर हात घेऊन बसे. शाळेतल्या एक शिक्षिका स्वतःहून आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. त्यांनी माळ्यावरचा जुना तबकडीचा काटा काढायला लावला आणि एक किलोच्या खुणेवर तांबड्या चिकटपट्टीची रेघ ओढली. सुई तांबड्यावर आली की थांबायचे. तीन दिवसांत तो शिकला. आता सुई केसभर पुढे गेली तर तो चिमूटभर साखर काढतो आणि मागे गेली तर घालतो. भांडाराच्या व्यवस्थापकांचे म्हणणे असे की पूर्वीच्या पिशव्यांत पंधरा-वीस ग्रॅमचा फरक असे, तो आता नाही. गिऱ्हाइके घाबरली नाहीत. एक आजी मात्र रोज त्याच्या हातात पेढा ठेवत. तो कामगार आहे, त्याला दान नको, हे त्यांना समजावून सांगायला आम्हाला जड गेले.

सहकाऱ्यांचे सांगायचे तर, पहिल्या आठवड्यात चहा आणायला, पान आणायला त्यालाच पाठवत. ते बंद केले. एका सेल्समनने स्पष्ट सांगितले, आधीच माणसे कमी, त्यात याच्यावर लक्ष कोणी ठेवायचे? त्याचे चुकले असे आम्हाला वाटत नाही. कमी माणसांत जास्त काम ओढणाऱ्याला दया दाखव म्हणून सांगणे सोपे असते. म्हणून आमची मागणी अशी आहे की जिथे असा मुलगा कामाला येईल तिथे त्याला शिकवणाऱ्याचे तास ड्युटीचे धरावेत आणि त्या तासांपुरता दुसरा माणूस द्यावा. २०१६ च्या कायद्यात सरकारी आस्थापनेने अपंग कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. रॅम्प ही सोय असेल, तर शिकवणारा माणूसही सोयच आहे.

कामाहून कठीण निघाला तो प्रवास. घरापासून भांडार दोन स्टेशनांवर. आईने सहा आठवडे बरोबर प्रवास केला, पुढे तीन आठवडे पलीकडच्या डब्यात बसून लक्ष ठेवले. आता तो एकटा येतो. आणि इथे आपल्याच रेल्वेच्या नियमाची गंमत पाहा. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रवाशाला भाड्यात सवलत मिळते ती, सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही, असा दाखला असेल तर. म्हणजे जो मुलगा नऊ आठवडे घाम गाळून एकटा प्रवास करायला शिकला, तो शिकला म्हणून सवलतीला मुकतो. अंध प्रवासी एकटा असला तरी त्याला सवलत आहे, बहिऱ्या प्रवाशालाही आहे. मग यालाच का नाही? हा मुद्दा फेडरेशनने रेल्वे बोर्डाकडे न्यावा, असा ठराव आम्ही पाठवला आहे. यात पैसा फारसा जाणार नाही, फक्त एक ओळ बदलायची आहे.

भुसावळ, कुर्डुवाडी, परळपासून इटारसी, झाशी, सिकंदराबाद, हुबळीपर्यंत जिथे जिथे आमचे मराठी वाचक आहेत, त्यांना आमची विनंती आहे की आपल्या शाखेतल्या सभासदांच्या घरी पंधरा वर्षांवरचे असे मूल कुठे आहे याची यादी आधी करा. अठरा झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. दाखला आणि यूडीआयडी कार्ड, बँकेचे खाते, अठरा पूर्ण झाल्यावर लागणारे पालकत्व (जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे त्याचा अर्ज करायचा असतो), या सगळ्याला महिने लागतात. केंद्रीय श्रम मंत्रालयाची अपंगांसाठीची जी जुनी पुनर्वसन केंद्रे होती ती आता नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर या नावाने चालतात. तिथे मुलाची कामाची कुवत तपासून घेता येते. मुलाला घेऊन बापाला एकटे पाठवू नका, शाखेचा एक माणूस सोबत द्या. बाप रजा टाकून जातो, खिडकीवर उद्या या म्हणतात, आणि तो पुन्हा जात नाही. अशा मुलाची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट आहे, तीही कित्येकांना माहीत नाही. तिचा अर्ज त्याच वेळी करून टाका.

पीएनएममध्ये दोन आयटम घाला. एक, अपंगांच्या राखीव जागांचे रजिस्टर पाहायला मागा. शंभर जागांच्या त्या रजिस्टरात १, २६, ५१ आणि ७६ हे बिंदू अपंगांचे आहेत. गेल्या पाच वर्षांत चौथ्या गटाचा बिंदू कोणाला गेला, ते लेखी घ्या. आमच्या एका शाखेने हे विचारले तेव्हा तीन महिने रजिस्टर सापडत नव्हते. दुसरा, अॅक्ट अप्रेंटिसच्या जागांतही अपंगांना ४ टक्के आहेत आणि वयात दहा वर्षांची सवलत आहे; त्या भरल्या का, ते विचारा. कोर्स पूर्ण केलेल्या अप्रेंटिसना लेव्हल वनच्या भरतीत २० टक्के जागा आहेत, म्हणून हा दरवाजा महत्त्वाचा. त्याला दहावी आणि आयटीआय लागते, त्यामुळे बहिऱ्या, अंध, सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांना तो उघडेल. आमच्या फिटर बांधवाच्या मुलाला उघडणार नाही. त्याच्यासाठी परीक्षेऐवजी प्रत्यक्ष काम करवून पाहण्याची पद्धत आणा, ही मागणी वेगळी आणि लांबची आहे. ती सोडलेली नाही.

मुलाची भांडारातली पहिली सहा महिन्यांची मुदत या महिनाअखेर संपते. त्याला कायम करण्याचा विषय संचालकांच्या येत्या बैठकीत आहे. विरोध नोंदवलेले संचालक या वेळी काय म्हणतील, ठाऊक नाही. परवा ते स्वतः साखरेच्या पाच पिशव्या घेऊन गेले आणि घरी जाऊन त्यांनी त्या आपल्या काट्यावर मोजल्या, असे कळले. मुलाचे वडील येत्या मार्चमध्ये रिटायर होतात.